भरून परत आलेलं सिलिंडर

परवा बारामतीहून इंदापूरला गेले होते. भिगवण मागे पडलं की डाव्या हाताला धरणाचं पाणी दिसायला लागतं. या दिवसांत ते दिसत नाही. वैशाख निम्मा सरला की पाणी रस्त्यापासून लांब जाऊन बसतं. मध्ये उरतो भेगा पडलेला राखाडी गाळ, शिंपल्यांचा चुरा आणि पाण्यामागे धावत गेलेले काळे पाइप. ज्याचा ऊस उभा आहे तो पाण्याचा माग काढत जातो. आज मोटर इथे, आठवड्याने दोनशे पावलं पुढे, मग आणखी पुढे. मी लग्न होऊन या भागात आले त्या सुमाराला बुडालेल्या गावांच्या भिंती या दिवसांत वर येतात. जुना रस्ताही वर येतो. थोडा वेळ नीट चालतो आणि पाण्यात उतरून जातो. गाडीतून तो दिसला की मी दुसऱ्या खिडकीकडे बघते.

रेवा, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तू म्हणालीस, की या सुट्टीत तुम्ही दोघं समुद्रात बुडी मारायला शिकणार आहात. "सगळं किट तिथेच भाड्याने मिळतं आजी, काही न्यायला नको." नील मागून म्हणाला, "शार्कसुद्धा तिथलाच." तुम्ही हसलात. मी विचारलं, सिलिंडर कोण तपासतं? तू म्हणालीस, "त्यांची माणसं असतात ना."

सात-आठ वर्षांपूर्वी ती माणसं म्हणजे मी होते. हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. तुमच्या बाबालाही मी अर्धंच सांगितलं आहे. आज पूर्ण लिहिते.

तुमच्या आजोबांचं इंदापुरात मोटर-पंपांचं दुकान होतं, एवढं तुम्हाला आठवत असेल. विहिरीत किंवा धरणाच्या पाण्यात पंपाच्या पाइपाच्या तळाशी एक जाळीचा व्हॉल्व असतो. त्यात गवत, चिंध्या, माशांची जाळी अडकते आणि पाणी चढेनासं होतं. मग कुणीतरी बुडी मारून तो मोकळा करायचा. पूर्वी हे काम दम रोखून करायचे. आजोबांनी मुंबईहून बुडी मारायच्या किटचे दोन जोड आणले. दोन लोखंडी सिलिंडर, श्वासाच्या नळ्या, तोंडात धरून हवा घ्यायचे रेग्युलेटर, चष्मे, शिशाच्या वजनांचे पट्टे, आणि सिलिंडर भरायचा एक वेगळा कॉम्प्रेसर, जो फक्त श्वासाच्या हवेसाठी असतो. ज्याला हवं त्याला किट भाड्याने. आसपासच्या दोन तालुक्यांत असं कुणाकडे नव्हतं.

किटबरोबर एक इंग्रजी पुस्तिका होती. मी तेव्हा नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते आणि दिवसभर कुणाला काही शिकवायचं नाही याची सवय होत नव्हती. ती पुस्तिका मी तीनदा वाचली, पेन्सिलीने खुणा केल्या आणि सगळी निगा माझ्याकडे घेतली.

दुकानाच्या मागच्या पडवीत दोन टब असायचे. परत आलेला रेग्युलेटर आधी टोपण घट्ट लावून गोड्या पाण्यात भिजवायचा, मग दुसऱ्या टबात खळबळायचा, मग सावलीत टांगायचा. उन्हात कधी नाही, उन्हाने रबर तडकतं. सांध्यांतल्या रबरी कड्यांना इकडे वायसर म्हणतात. ते मी औषधांच्या रिकाम्या डबीत आकाराप्रमाणे लावून ठेवले होते. प्रत्येकावर मोहरीएवढं ग्रीस, बोटाने फिरवून. जुन्या सुती साडीच्या पट्ट्या पुसायला. सिलिंडरवर पांढऱ्या रंगाने एक आणि दोन असे आकडे घातले होते. एक वही होती, तिच्यात मी आखून रकाने केले होते: हवेचा दाब दाखवणारा काटा कुठे, वायसर कसे, चार श्वास घेऊन पाहिले का, शेरा. शेऱ्यात बहुतेक वेळा एकच शब्द असायचा. ठीक.

किट सर्वांत जास्त वापरायचा यासीन. इंदापुरातच राहायचा, अंगाने काटकुळा, पण छाती पंपासारखी. सगळे त्याला यासीनभाई म्हणायचे, मीही. माझ्याहून तो वीस वर्षांनी लहान असेल. पडवीच्या पायरीवर बसून तो माझं काम बघायचा.

"बाई, एवढी निगा मी माझ्या दातांची ठेवत न्हाय."

"ते दिसतंच आहे," मी म्हणायचे. तो तंबाखू खायचा.

"तुमच्या त्या इंग्रजी पुस्तकात तंबाखूचं काय लिवलंय?"

"लिहिलंय की असल्या माणसाला किट देऊ नये."

"मग ते पान फाडा की."

एकदा कळंबच्या विहिरीत अडकलेली मोटर काढताना त्याला तळाशी एक कवळी सापडली. वर आल्यावर विहिरीच्या मालकाच्या म्हाताऱ्या वडलांच्या हातात ती देऊन हा म्हणाला, "आबा, खाली मासं हसत हुतं, म्हणून कळलं." आबांनी कवळी तिथेच धुऊन तोंडात घातली आणि त्याला दोन शिव्या हासडल्या. शिव्या स्पष्ट आल्या म्हणून सगळे खूश.

पण पाण्याखालचं खरं काही विचारलं की यासीन हळू बोलायचा. "खाली आपलाच श्वास ऐकू येतो बाई. आत घेतला की शिट्टी, सोडला की बुडबुडं. दुसरं कुणी न्हाय." धरणाच्या पाण्यात काम करताना एकदा त्याचे पाय बुडालेल्या घराच्या उंबऱ्यावर टेकले होते. दमला होता म्हणून तो तिथे क्षणभर बसला. "बसायच्या आधी विचारलं मनातल्या मनात, बसू का म्हणून. कुणाचं तरी घर हाय न्हवं ते."

हे वाक्य मला अवेळी आठवतं. कुकरची शिट्टी होत असते, किंवा मी बँकेच्या रांगेत उभी असते आणि एकदम ऐकू येतं, बसू का.

पुस्तिकेत एक गोष्ट ठळक अक्षरांत होती. सिलिंडर पूर्ण रिकामं होऊ द्यायचं नाही. थोडी हवा शिल्लक असली की ती बाहेर ढकलत राहते, काही आत शिरू शकत नाही. पूर्ण रिकामं होऊन तोंड उघडं राहिलं, की पाणी आत जातं आणि लोखंड आतून गंजतं. बाहेरून काही कळत नाही. म्हणून माझा नियम होता, काटा शून्यावर दिसला की ते सिलिंडर बाजूला ठेवायचं. पुण्याला पाठवून उघडून, वाळवून, आत दिवा टाकून बघितल्याशिवाय पुन्हा भरायचं नाही. हा नियम मी गिऱ्हाइकांना सांगायचे, पण कारण सांगायचे नाही. वर्गातल्या मुलांना मी प्रत्येक गोष्टीचं कारण सांगत आले. मोठ्या माणसांना मात्र वाटलं, नियम पुरे.

वरकुट्याचे तात्या आमचे जुने गिऱ्हाईक. पांढरंशुभ्र धोतर, बोलणं कमी, चपला बाहेर काढून दुकानात येणारे एकटेच. ज्या वर्षाचं सांगणार आहे त्याच्या आधीच्या वर्षी पावसाच्या तोंडावर त्यांनी दोन नंबरचं सिलिंडर नेलं. विहिरीतला गाळ काढायचा होता, त्यांचा पुतण्या पट्टीचा पोहणारा होता. चार दिवसांनी किट परत आलं. नळ्या धुतलेल्या, सगळं स्वच्छ चादरीत गुंडाळलेलं, बरोबर पिशवीभर डाळिंबं. इतकं नीट कुणीच परत आणत नसे. मी काटा पाहिला. शून्याच्या किंचित वर. वहीत लिहिलं: काटा शून्याच्या वर, ठीक. मग पावसाळा लागला, बुडीची कामं थांबली. हिवाळ्यात जी थोडी आली ती एक नंबरवर भागली. दोन नंबर कोठारात उभं राहिलं, जवळजवळ वर्षभर.

आपल्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, हे तुम्ही माझ्याकडे सुट्टीत राहून पाहिलं आहे. शेजारून आमटीची वाटी आली तर ती धुऊन, काहीतरी घालून द्यायची. काही नसेल तर चिमूटभर साखर. यासीनची बायको रझिया ईदला शिरखुर्म्याचा डबा पाठवायची, तो मी कधी तिळाचे लाडू, कधी शेंगा घालून परत करायचे. एकदा घाईत रिकामा दिला तर आजोबांनी रुसलेल्या नीलसारखं तोंड करून विचारलं होतं, "असा देतात का?"

त्या वर्षी रमजान ऐन वैशाखात आला होता. बेचाळीसच्या पुढचं ऊन आणि धरण झपाट्याने आटत चाललेलं. आत खोल पाण्यात चारपाच शेतकऱ्यांच्या सामाईक पाइपाचं तोंड बुजलं होतं, पंप हवा ओढत होता, ऊस माना टाकत होता. सकाळी दहाच्या सुमाराला यासीन आला. पडवीत येऊन त्याने मागचं दार लोटलं आणि म्हणाला, "बाई, खायला काय हाय का?"

मी त्याच्याकडे पाहिलं.

"घरी पहाटेची सेहरी खातो, रोजा धरायला, सगळ्यांबरोबर. रझियाच उठवती. पर पाण्यात उतरायचं असलं की उपाशी न्हाय उतरत मी. चक्कर आली तर कोण काढणार? हे रोजे मागनं धरतो. अल्लाला हिशेब ठाव हाय, मोहल्ल्याला कशाला सांगायचा? घरीबी सांगू नका."

मी पोहे केले. त्याने दोनदा मागून घेतले, वर चहा प्याला, मिशा पुसल्या आणि दार उघडलं.

एक नंबर आदल्या दिवशी दुसरीकडे गेलं होतं. मी दोन नंबर काढलं, भरलं, काटा पूर्ण वर गेला. रेग्युलेटर लावला. मग नेहमीप्रमाणे तोंडात धरून चार श्वास घेतले. पुस्तिकेत लिहिलं होतं, चांगल्या हवेला वास नसतो, चव नसते. पहिल्या श्वासाला मला चव लागली. फार थोडी. लहानपणी आपण खिळा जिभेवर ठेवतो तशी, आणि मागे तेलकट काहीतरी. मी पुन्हा श्वास घेतला. हवा भरपूर येत होती. वाटलं, वर्षभर पडून होतं, ऊन आहे, धातू तापला असेल. यासीन पट्टा बांधून उभा होता. बाहेर जीप खोळंबली होती. मी वहीत लिहिलं, ठीक.

साडेबाराला फोन आला.

पुढचं थोडक्यात लिहिते. तो चाळीसएक फूट खाली होता, पाइपाच्या तोंडाशी डोकं खाली करून काम करत होता. वरच्या माणसांच्या हातात दोर होता. दोराला दोनदा झटका बसला, म्हणजे वर ओढा. त्यांनी ओढलं, तर दोर पाइपाच्या लोखंडी चौकटीला अडकलेला. दुसरा एक जण दम रोखून उतरला आणि त्याने सोडवला. यासीन वर आला तेव्हा उशीर झाला होता. पंचनाम्याला किट तपासलं. सिलिंडर निम्म्याहून जास्त भरलेलं, आणि किनाऱ्यावर उभं धरून रेग्युलेटर दाबला तर हवा सणसणीत येत होती. किट चांगलं आहे, असं ठरलं.

मग कारण कुणीतरी शोधायला हवं होतं. ते दोन दिवसांत सापडलं. भाजीबाजारात मी ऐकलं, "रोजा धरून पाण्यात उतरायचं असतंय व्हय? एवढ्या उन्हात? पोटात अन्न न्हाय, पाणी न्हाय, घेरी आली असणार." माझ्या ओळखीच्या एका बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही तरी सांगायचं की हो त्याला." मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही. पण मान हलली आणि बाईंना ते उत्तर पुरलं.

आठवडाभराने तात्या आले. चपला बाहेर काढून आत बसले. मग म्हणाले, "माणूस लाखातला हुता. वस्तूबी चांगली हुती तुमची. मी गेल्या साली नेली तवा पुतण्यानं पार शून्यावर आणली, उघडीच टाकली विहिरीत. मी त्याला बोललो. कुणाची वस्तू रिकामी कशी द्यायची? शेजारी विहिरीचं काम चालू हुतं, ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर हुता दगड फोडायचा. मिस्त्रीकडनं जोडणी करून घिऊन त्यातनं हवा भरली. लय न्हाय बसली, पर काटा हलला. मग आणून दिली."

मी त्यांच्यासाठी चहा आणायला आत गेले आणि आधी वहीतलं गेल्या वर्षीचं ते पान उघडलं. आजोबा बाहेर ऐकत होते. चहा झाला, तात्या नमस्कार करून निघाले. चपला घालताना म्हणाले, "लेकरू केवढं हाय त्याचं?" आजोबा म्हणाले, "अकरा-बारा वर्षांची मुलगी आहे."

किट सुटून परत आलं तेव्हा आम्ही दोघांनी पडवीत सिलिंडरची हवा काढून टाकली, तोंड उघडलं आणि ते पांढऱ्या फडक्यावर उलटं केलं. आधी तांबडं पाणी आलं, वाटीभर. मग गंजाचे पापुद्रे आले, नखाएवढे, काही पिठासारखे. रेग्युलेटरच्या तोंडाशी हवा गाळायला एक लहान धातूची चकती असते, शर्टाच्या बटणाएवढी. ती तांबडी झाली होती, छिद्रांत गंज बसलेला. सिलिंडर उभं असताना पापुद्रे तळाशी बसतात, हवा येत राहते. माणूस डोकं खाली करून काम करायला लागला की ते सगळे तोंडाशी येतात. किनाऱ्यावर कुणाला हे कळणार नव्हतं. मला कळायला हवं होतं. मला चव लागली होती.

आजोबा म्हणाले, "तात्या मरेल हे ऐकून. म्हातारा माणूस, भल्यासाठी केलं त्याने." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि सांगून यासीन परत येणार आहे का?" फडकं त्यांनी जाळलं. मी वही जाळू दिली नाही.

त्या जूनमध्ये तुम्ही दोघं आला होतात. नीलला कोठारात पाण्याचा चष्मा सापडला आणि तो घालून तो अंगणभर बेडकासारखा फिरत होता. मी तो त्याच्या डोळ्यांवरून ओढून काढला आणि त्याच्यावर ओरडले. नील, तू रडत रडत विचारलं होतंस, "आजी, मी काय केलं?" मी तुला उत्तर दिलं नव्हतं. तू काही केलं नव्हतंस.

रझियाची इद्दत, नवरा गेल्यावर घरात बसायचे चार महिने दहा दिवस, संपल्यावर मी तिच्याकडे गेले. ती शिवणयंत्रापाशी बसली होती, यंत्र बंद होतं. ती म्हणाली, "बाई, त्या दिवशी त्यांना जाग येत नव्हती. मीच हलवून उठवलं सेहरीला. झोपू दिलं असतं तर रोजा चुकला असता. जेवून गेले असते कामावर." मी तिचा हात धरून बसले. माझ्याजवळ दोन वाक्यं होती. तो उपाशी नव्हता, हे पहिलं. ते बोलले असते तर तिने लगेच विचारलं असतं, मग कशाने गेले? म्हणून मी पहिलंही बोलले नाही. मनाला सांगितलं, त्याने शब्द घेतला होता माझ्याकडून, घरी सांगू नका म्हणून. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द पाळते आहे असं म्हटलं की किती बरं वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं.

गोष्ट तिथे थांबली असती तरी एक वेळ. पण त्यांची मुलगी शबनम मोठी होत गेली आणि बाजारात जे बोललं जायचं ते तिच्या कानावर जात राहिलं. पंधराव्या वर्षी ती आईला म्हणाली, "तूच उठवलंस त्यांना." रझियाने ते मला सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. "बरोबरच बोलली ती," म्हणाली. शबनम आता बारामतीत नर्सिंग शिकते. रमजानमध्ये घरी जात नाही. आईचा फोन आला की "ड्युटी आहे" म्हणते. कधीमधी माझ्याकडे येते, सोफ्यावर पाय वर घेऊन बसते, पुस्तकं नेते. एकदा म्हणाली, "आजी, अम्मीशी बोलायला घेतलं की मला अब्बांचं तोंड दिसतं." मी तिला सरबत करून दिलं.

अशी सात-आठ वर्षं. किट आम्ही त्यानंतर कुणाला दिलं नाही. आजोबांनी दोन्ही सिलिंडरं मधोमध कापून भंगारात घातली. दुकान गेलं, मी बारामतीच्या या फ्लॅटमध्ये आले. इथे बोअरचं पाणी येतं तेव्हा पहिल्या धारेला लोखंडाची चव असते. मी ग्लास ठेवून देते. इस्त्री तापून धातूचा वास आला, किंवा गॅस बदलायला माणूस आला आणि त्याने टोपण काढताना तो बारीक फस्स आवाज झाला, की मी खोलीतून उठून जाते. आपल्या डॉक्टरांनी एकदा वाफ घ्यायला यंत्र दिलं, तोंडात धरायचं. मला ते धरता आलं नाही. खोकला तसाच बरा झाला.

तीन वर्षांपूर्वी आजोबा गेले. या हिवाळ्यात वरकुट्याचे तात्याही गेले, झोपेत, शांतपणे. त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही आणि त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. पण ती बातमी आली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतकी वर्षं मी ज्यांच्या आड उभी होते ती दोन्ही माणसं गेली. आता लपायला कुणी उरलं नव्हतं. आणि मग रविवारी, रेवा, तुझा फोन आला.

तुम्ही जाऊ नका असं मी म्हणणार नाही. यासीनला पाणी आवडायचं. पण ज्याचं किट घ्याल त्याला विचारा, हे सिलिंडर आतून शेवटचं कधी पाहिलं, मागच्या माणसाने पूर्ण रिकामं केलं होतं का. तो हसला तरी विचारा. स्वतः श्वास घेऊन बघा आणि चव लागली तर ते खाली ठेवा. मागे रांग असेल, बोट सुटत असेल, कुणी पट्टा बांधून उभं असेल. तरी ठेवा. माझ्याकडे त्या दिवशी एवढंच काम होतं.

परवा इंदापूरला मी याचसाठी गेले. परीक्षेची पुस्तकं न्यायला शबनम त्या दिवशी घरी आलेली असणार, हे मला ठाऊक होतं. सकाळचे अकरा वाजले होते. रझियाने पंखा माझ्याकडे वळवला, पाणी दिलं. मी वही पिशवीतून काढून मांडीवर ठेवली आणि बोलायला सुरुवात केली. मी बोलायची तयारी करून गेले होते, वर्गात जायचे तशी. दुसऱ्या वाक्याला सगळं विसरले.

"रझिया, यासीनभाई त्या दिवशी उपाशी नव्हते. माझ्याकडे खाऊन गेले होते. प्रत्येक वेळी खाऊन जायचे."

ती शिवणयंत्रावरचं कापड सरळ करत होती. तिचा हात थांबला. मग तिने विचारलं, "काय खाल्लं?"

"पोहे. दोनदा घेतले. वर चहा."

"कांदा घातला हुता?"

"हो."

"त्यांना कांदा लागायचा," ती म्हणाली.

मग मी सिलिंडरचं सांगितलं. तात्यांचं नाव घेतलं नाही. एका माणसाने चांगुलपणाने चुकीची हवा भरली, इतकंच म्हटलं. पुढचं मात्र काही गाळलं नाही: काटा मी पाहिला, चव मला लागली, शब्द मी लिहिला, बाजारात मान मी हलवली, आणि एवढी वर्षं तिचा हात धरून मी गप्प बसले. वही उघडून ती ओळ दाखवली. तिने अक्षराला बोट लावलं नाही. मी म्हणाले, "पोलिसांत जायचं असेल तर मी बरोबर येते. मी सांगेन."

रझियाने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या ओळखीत ती मला नेहमी बसा, घ्या, या असंच म्हणत आली होती. आताही आवाज तसाच होता, फक्त त्यातलं सगळं काढून घेतल्यासारखा.

"मी ह्या सुईपुढं रोज बसते बाई. रोज त्यांना झोपेतून उठवते. तुमाला ठाव हुतं आणि तुमी डबे पाठवत हुता."

मी पिशवी जवळ ओढली.

ती उठली. मला वाटलं, दार उघडून देईल. तिने आतल्या दाराचा पडदा सारला आणि हाक मारली, "शबनम, बाहेर ये."

"काय आहे?" आतून आवाज आला, कोरडा.

"ये म्हणते न्हवं."

शबनम केस बांधत बाहेर आली. मला पाहून हसायला लागली आणि आईकडे बघून थांबली. रझियाने तिला माझ्या समोर, पलंगाच्या कडेला बसवलं. स्वतः तिच्याशेजारी बसली. दोघी इतक्या जवळ बसलेल्या मी कितीतरी वर्षांत पाहिल्या नव्हत्या. खांद्याला खांदा लागत होता, तरी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

"आता हिच्यासमोर सांगा," रझिया म्हणाली. "पहिल्यापासनं. मी त्यांना उठवल्याचं हिला सांगितलं हुतं, बाकीचं तुमी सांगा."

मी वही बंद केली आणि शबनमकडे बघून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.